वसीला खाला पाय बघते

सफाक्स शहरातल्या एका मनोरुग्णालयात तातडीच्या खोलीत कुणी आरडाओरडा करत आला की बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघतात. वसीला पायांकडे बघते. सव्वीस वर्षं ती इथं परिचारिका आहे. गुडघे कुरकुरतात, पण डॉक्टरांना टोकायची सवय काही मोडलेली नाही.

रमजानचा चौथा दिवस होता. रोजा सुटायला तासभर बाकी, त्यामुळे जो तो करवादलेला. मासेमारीची जाळी विणणारा तिशीचा लझहर भिंतीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत होता. दुपारी एक इंजेक्शन दिलं होतं; त्यानंतर फेऱ्या दुप्पट झाल्या. डॉक्टर अनीसनं दुसरं भरलं.

"धरा त्याला!" तो शिपायाला म्हणाला.

"थांबा," वसीला मध्ये आली.

"खाला, बाजूला व्हा. तो भडकलाय, मारेल कुणाला तरी."

"मारायचं असतं तर एव्हाना तुमचा चष्मा फुटला असता. तुमच्या बुटावर पाय पडला तर माफी मागतोय तो!"

लझहर रडकुंडीला आला होता. "मला बसायचंय हो! पायच बसू देत नाहीत. आत नुसत्या मुंग्या."

वसीला लझहरच्या आईकडे, मबरूकाकडे वळली. "बहिणी, गोळी कधी देतेस?"

"रोजा सुटल्यावर."

"आणि सकाळची?"

"तीपण तेव्हाच. दिवसा पाण्याचा थेंब नाही, मग गोळी कशी देऊ? तीन दिवस दोन्ही एकदमच देतेय."

"पहाटे, सहरीच्या जेवणाला का नाही दिलीस?"

"झोपेची गोळी ना ती? झोपलेल्याला उठवून झोपेची गोळी देऊ? मी काय वेडी आहे?"

शिपायाला हसू फुटलं. अनीस मात्र पांढरा पडला. "आठवड्यापूर्वी मीच लिहून दिली होती," तो म्हणाला. "ती मुळात भ्रमावरची. घबराट असली, झोप नसली तरी आम्ही देतो."

"गोळीच्या डब्यातल्या कागदावर घबराट-झोपेचं काही लिहिलेलं नाही. यांना सांगितलंत?"

तो हातातल्या सुईकडे बघू लागला.

"हातातली सुईही त्याच जातीची. त्या औषधानंच याचे पाय सुटलेत. अजून टोचलंत तर भिंतीवर चढेल."

अनीसनं सुई खाली ठेवली. लझहरची नाडी बघितली, रक्तदाब मोजला आणि पायांची तगमग शमवणारी गोळी काढली.

"रोजा आहे त्याचा!" मबरूका ओरडली.

"आजाऱ्याला माफ असतो. पाप लागलं तर माझ्या नावावर घाल."

लझहरनं गोळी गिळली. वसीला घड्याळ लावून मिनिटामिनिटाच्या फेऱ्या मोजू लागली. चौदा. पुन्हा चौदा. अर्ध्या तासानं नऊ. मग चार. लझहर बाकापाशी थांबला, टेकला, उठला, परत टेकला. या वेळी बसूनच राहिला.

"बसला! खाला, बसला!" डॉक्टरच ओरडला.

"ओरडू नका, उठेल," वसीला म्हणाली.

अनीस स्टूल ओढून मबरूकासमोर बसला. "मबरूका खाला, ही गोळी झोपेची नाही. कशाची आहे, का दिली आणि काय त्रास होऊ शकतो, सगळं सांगतो."

"सांग," मबरूका म्हणाली. "आठवड्यापूर्वी तुझाही उपास होता का बोलायचा?"