मावळत कुठली?

रोहिणी म्हंजी माझी सख्खी धाकटी बहीण. आमच्या सणसर गावात तिच्यावानी दुसरी न्हाय. आसंल तर आणून दावा.

सत्त्याण्णव सालचा श्रावण. बारामतीत कौसल्याताईंच्या शिवणाच्या दुकानात एक जागा व्हती. दुपारच्या आत येऊन हात दाखवायचा, न्हायतर दुसरी बाई घेणार. जागा गेली की आमचं आबा तिचं लगीन उरकणार, हे रोहिणी वळखून व्हती. बारामती तिनं पाहिली नव्हती. बाजाराला मीच जायचो.

"स्टँडवरनं कॅनॉल गाठ. मग कॅनॉलच्या कडंनं मावळतीला चाल. हिरवं दार," मी सांगितलं. आमचा आज्जा आसाच सूर्य बघत मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. त्येला कुठं पाटी लागली?

पर इष्टीतनं उतरली तर आभाळ गच्च. सूर्याचा पत्ता न्हाय. दुकानांवर दुकानं, फटफट्या, कुणी कुणाकडं बघंना. विचारत कॅनॉल गाठला, पर कुठल्या अंगाला वळावं कळंना.

पानवाल्याला म्हणाली, "भाऊ, मावळत कुठली?"

त्यो हसला. "संध्याकाळी ये, दावतो!"

"तवर तुमचं दुकान तरी चालंल का?" म्हणून ही फुडं गेली. रडायचं न्हाय, ठरलेलं.

काठाला एक म्हातारी धुणं आपटत व्हती. कॅनॉलला पाणी सुटलेलं.

"मावशी, ह्ये पाणी सणसरला जातं ना?"

"जातंय की. तुमचाच ऊस पितोय, बाई."

रोहिणी थबकली. आमचं सणसर बारामतीच्या उगवतीला. मंग पाणी जातंय ती उगवत, अन् पाणी येतंय ती मावळत! पाण्याच्या उलट चालत सुटली अन् हिरव्या दारात उभी राहिली.

आत दुसरी बाई बसलेली. कौसल्याताई म्हणाल्या, "उशीर झाला गं."

"वाट शोधत आले. हात बघा, मग बोला."

तिथंच कॉलर शिवली. ताईंनी ती उलटी करून बघितली, त्या बाईचीबी बघितली. "दोघींचा हात सारखाच. उद्या कुलूप काढायच्या आधी जी दारात दिसंल, तिची जागा."

घरी मी म्हणालो, "माझा रस्ता चुकला का? सूर्यच आला न्हाय!"

"व्हय दादा, सूर्यालाच रागव."

दुसऱ्या सकाळीबी आभाळ तसंच गच्च. ताई किल्ल्या वाजवत आल्या, तर पायरीवर रोहिणी एकटीच.

"सणसरवरनं हितं? अन् एवढ्या लवकर? रस्ता सापडला व्हय?"

"न सापडायला काय झालं? पाणी काय रोज वाट बदलतंय? किल्ली द्या हिकडं."