समोरच्या इमारतीची ओ

खारकीवच्या झिनाईदाचा जन्म पियानो सुरात लावण्यात गेला होता. त्यामुळे युद्ध लागल्यावर जिन्यात आसरा घेतलेले शेजारी तिच्याच कानांवर विसंबले. स्फोट झाला की विचारायचे, "काकू, किती लांब?" खिडकीत उजेड दिसल्यापासून ती सेकंद मोजायची, तीन सेकंदांना एक किलोमीटर.

"पहिला आवाज धरा रे बहिऱ्यांनो," ती खेकसायची. "दुसरा समोरच्या इमारतीवर आपटून येतो. तो मोजलात तर स्फोट आहे त्याहून लांब वाटेल."

समोरच्या त्या सोळा मजली इमारतीत तिची मैत्रीण तमारा राहायची. तीस वर्षं दोघींचा संध्याकाळचा चहा एकत्र. पहिला महिनाभर तमाराही जिन्यात तिच्याजवळ बसून आवाज मोजायला शिकली, मग लेकीकडे पोलंडला गेली. तेव्हापासून प्रत्येक पडसादाला झिनाईदा म्हणायची, "तमाराने ओ दिली बघा."

पुढे त्या इमारतीवर गोळा पडला आणि उरलेलीही पाडावी लागली. झिनाईदाने तमाराला कळू दिलं नाही. दर रविवारी फोनवर सांगायची, "आहे गं तुझं घर. खिडकीतली फुलझाडं तेवढी वाळलीत."

एका रविवारी बोलता बोलताच स्फोट झाला.

"लांब आहे, घाबरू नकोस," झिनाईदा म्हणाली.

तमारा फोनला कान लावून ऐकत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "झिना, दुसरा आवाज आलाच नाही. कधी पाडली गं माझी इमारत?"