शाळेतलं गाऱ्हाणं

पालीजवळच्या वाडीत कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या मुलीचं लग्न अडलं, की माणसं सहदेव गोताडांना देवळात घेऊन जातात. दुसऱ्यासाठी देवाकडे मागायचं, म्हणजे गाऱ्हाणं घालायचं, हा त्यांचा मान. आवाज असा की झोपलेला देव दचकून उठावा. एकेक मागणं झालं की मागे उभी असलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतात. मुंबईत तीस वर्षं हमाली करून परतलेल्या या माणसाने वाडीतल्या प्रत्येक घरासाठी मागितलं, स्वतःच्या घरासाठी मात्र कधी नाही. लाज वाटते म्हणे.

त्यांची नात आरोही सात वर्षांची. स्वमग्न आहे. बोलत नाही, शाळेची घंटा वाजली की कान दाबून किंचाळते. पण आजोबांच्या खांद्याला नाक लावून उभी राहिली की समजावं, स्वारी खुशीत आहे. या नाक लावण्यावर म्हातारा जीव ओवाळून टाकतो.

जूनमध्ये तिचा वर्षाचा शिक्षण आराखडा ठरवायला शाळेत बैठक लागली. मुलगा मुंबईला, म्हणून सून दीप्तीबरोबर सहदेव गेले. मुख्याध्यापक विनीत सर लांज्याकडचे. माणूस वाईट नव्हे, पण त्या किंचाळण्याचा धसका घेतलेला.

“आरोहीला घरीच शिकवू,” कागद पुढे सरकवत सर म्हणाले. “मॅडम आठवड्यातून एकदा घरी येतील. इथे सही करा.”

मॅडम म्हणजे विशेष शिक्षिका राजश्री. वीस-पंचवीस शाळा एकट्या बाईच्या गळ्यात मारलेल्या. त्या खाली मान घालून बसल्या होत्या. दीप्तीने तर पेनही उचललं. सही झाली की पोरीची शाळा सुटली, हे सहदेवांना लख्ख दिसलं.

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, मग शाळा कुठून पाजणार? सहदेव उठले. पण बोलावं कसं? साहेबांपुढची अर्जविनंतीची भाषा त्यांना येत नव्हती. मागण्याची एकच भाषा त्यांना ठाऊक होती. त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले.

“बा शाळंच्या धन्या म्हाराजा! ही आमची आरोही तुझ्या दारात उभी हाय. ती घंटेला भिते. त घंटा नको, हातान खूण करून पोरांना आत घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” विनीत सर बोलून गेले.

लहानपणापासून देवळात उभा राहिलेला माणूस, तोंडाला सवय! सर जाम ओशाळले. दीप्तीला हसू आवरेना. राजश्री मॅडमनी मात्र चपळाईने आराखड्याचा कोरा कागद ओढला आणि लिहायला घेतलं.

“तिला दाराजवळ बसायला दे, घाबरली त पडवीत जाऊंदे, चित्रं दाखवून शिकव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” या वेळी मॅडम म्हणाल्या, आणि मोठ्याने म्हणाल्या.

सरांनी कपाळाला हात लावला. “बसा काका. ठेवू तिला वर्गात. जमवू काहीतरी.” पहिला कागद त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला.

सहदेवांना हायसं वाटलं. ते बसले.

“एक रकाना राहिला,” मॅडम म्हणाल्या. “वर्षअखेर आरोहीला काय यायला हवं? अक्षरं, अंक? काय लिहू?”

म्हाताऱ्याचा तो देवळातला आवाज कुठल्या कुठे गेला.

“लय मागत नाय बाय. ही येक दिस शाळेत आली नाय, त पोरांनी इचारूंदे, आरोही का नाय आली? मी काय, आज हाय, उद्या नाय. माझ्या माघारी हिला इचारनारा कोनतरी असूंदे.”

मॅडमनी ते बोलणं जसंच्या तसं रकान्यात उतरवलं. मग दीप्तीने सही केली.