पोरीचा पियानो अन् माझं तोंड

बायांनो, आज माझ्या तोंडामुळं माझ्याच पोरीचं वाटोळं होणार होतं.

माझी रुपाली पियानो वाजवते. परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला व्हिडिओ पाठवायचा आज शेवटचा दिवस. पंधरा मिनिटं एका दमात वाजवायचं, मधी कापाकापी चालत नाय. म्हणून हर्सूलहून तिला पियानो शिकवणाऱ्या शबाना मॅडमच्या घरी रेकॉर्डिंगला गेलो. मॅडमनी आधीच बजावलं, "ताई, बीच में बोलना नक्को."

पण आपल्या भजनात कुणी चांगलं गायलं तर आपण गप बसतो का? शेवटाला पोरीनं असा काही हात फिरवला की माझ्या तोंडून निघालंच, "वा गं वाघिणी!"

झालं, सगळं वाया. मॅडमनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता पोरगी रडती. तर हसली. म्हणली, "आई, तू बोलली अन् माझी भीतीच गेली. थांब, परत वाजवते."

मी पदर तोंडात कोंबून बसले. दुसऱ्यांदा तिनं लई भारी वाजवलं, अन् तोच व्हिडिओ पाठवला.

निकाल काय लागायचा तो लागू द्या. पण खरं सांगा, तुमचं लेकरू असं वाजवत असतं तर तुम्ही गप बसला असता?