पाठ कुठल्या शाळेत घेतले?

फाईल उघडली आणि आत माझाच फोटो. तेल लावून चापून बसवलेले केस, कानात खोटे डूल, मीच! मी फाईल पटकन मिटली, तर बाजूचे हवालदार काका म्हणाले, "काय गं, पोरगी आठवली का?" मी हो म्हटलं. पोरगी सात महिन्यांची, सासूबाईंजवळ ठेवलेली. दुधाने वर्दी ओली होत होती, तेही कळलं नाही मला.

वर्दी परत केली, पोरगी आता पहिलीत आहे, पण खोट्या सर्टिफिकेटांच्या धाडीत मुलुंडच्या त्या खोलीत केलेला पंचनामा डोक्यातून जात नाही.

मी महिला शिपाई होते, बारावी करून भरती झालेली. खबर दिली एका शाळेच्या मोठ्या बाईंनी. नवीन शिक्षिका लागली, डी.एड.चं सर्टिफिकेट एकदम झकास, पण पाठाचं टाचण मागितलं तर विचारते, टाचण म्हणजे काय? आता डी.एड.वाली बाकी सगळं विसरेल, टाचण नाही विसरणार. काय शिकवायचं, काय विचारायचं, फळ्यावर काय लिहायचं, सगळं वहीत लिहून, तपासून घेऊनच वर्गावर जातात त्या. मी लहान असताना जोगेश्वरीला आमच्या शाळेत ह्या शिकाऊ ताया सरावाचे पाठ घ्यायला यायच्या ना, एकसारख्या साड्या, हातात तक्ते. मागच्या बाकावर त्यांच्या मॅडम लिहीत बसायच्या. एक ताई घाबरत घाबरत बेरीज शिकवायची, आम्ही पोरं मुद्दाम बरोबर उत्तरं द्यायचो, तिला मार्क पडावेत म्हणून. तेव्हापासून मला बाई व्हायचं होतं.

आणि तरी फसले. बारावीनंतर डी.एड., पदवीनंतर बी.एड., वर टीईटी, बालवाडीचं वेगळंच, हे माहीत होतं मला. पण रोज कॉलेजला जायला वेळ कुठून आणू? घाटकोपरचा एक क्लासवाला म्हणाला, "ताई, घरबसल्या करा, मान्यता आहे. पाठबिठ माफ, तुम्ही नोकरीवाल्या ना." मी फॉर्म भरला. तो मुलुंडला ह्याच खोट्या सर्टिफिकेटवाल्या संचालकाकडे पोचतो, मला काय माहीत?

आमच्या इन्स्पेक्टर मॅडम त्या संचालकाला विचारत होत्या.

"मॅडम, सगळ्या मुली इथेच शिकल्या."

"पाठ कुठल्या शाळेत घेतले?"

"आजूबाजूच्या."

"एका शाळेचं नाव सांग."

नाव राहिलं बाजूला, एकदम चढून बोलायला लागला, "मुलींनाच घाई होती. त्यांना सगळं माहीत होतं. एक तरी आणा, जी म्हणेल मी फसले!"

तेच तर होतं. शाळेतली ती शिक्षिका गायब. खोलीत सापडलेल्या यादीतल्या तिघींना मॅडमनी फोन लावला, तिघींनी कट केला. लाज वाटते ना. साक्षीदारच नाही तर केस उभी कशी राहणार?

माझ्या हातातल्या फाईलवर अजून नंबर पडला नव्हता, म्हणजे ती पंचनाम्यात आलीच नव्हती, गुपचूप काढून टाकता आली असती. पंच दोघे दाराशी चहा पीत होते. मी खात्याला न विचारता कोर्सला नाव घातलेलं, नवऱ्याचं काम सुटलेलं. नोकरी गेली की संपलंच.

"मॅडम," मी फाईल पुढे केली, "ही माझी."

"कुणाची?"

"माझी. फोटोतली मीच."

"अगं ए, वाट लागेल तुझी!" काका हळूच म्हणाले.

मॅडमनी फोटो बघितला, मला बघितलं. "टोपी काढ, बस तिथे. आता तू पथकात नाहीस, साक्षीदार आहेस." मग खालच्या आवाजात, "आणि आधी घरी फोन कर. पोरीला घेऊन यायला सांग."

माझा जबाब झाला आणि बाकीच्या एकेक करून यायला लागल्या. एक तर हसत हसत रडली, "पोलीसवाली फसली, मग आम्ही काय गं!" केस उभी राहिली. मलाही नोटीस आली, खुलासा दिला, खात्याची शिक्षा भोगली. पुढे राजीनामा दिला आणि खरं डी.एड. केलं, रोज कॉलेजला जाऊन.

पहिला पाठ बोरिवलीला, बेरजेचा. मागे आमच्या कॉलेजच्या मॅडम लिहीत होत्या, मी घाबरत घाबरत शिकवत होते, आणि पोरं भराभर बरोबर उत्तरं देत होती. सगळीच्या सगळी. मला कळलं ना लगेच.

त्या केसने एवढंच शिकवलं, की माफ केलेला पाठच नेमका लागतो पुढे. पण शहाणपण आता सुचतंय. तेव्हा नुसती भीती होती. तुम्हीच सांगा, हातात नंबर न पडलेली फाईल, घरी पोर रडतंय, कुणी बघत नाहीये, तुम्ही काय केलं असतं?