वाकडी मूठ

धुर्पाअक्काकडे कुणी लाटणं करायला टाकलं, तरी ती आधी हात मागायची. ज्या सुनेला पोळ्या लाटायच्या, तिनं स्वतः यायचं. अक्का तिचा पंजा आपल्या खरखरीत हातात घेऊन दाबून बघायची, "हं" म्हणायची, आणि मग खरादावर लाकूड चढवून कातायला घ्यायची.

मी तेव्हा नशिराबादच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि तिच्या शेजारच्या खोलीत राहत होते. अक्का मूळची साक्रीकडची. कातारी नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, घरात आंधळी सासू. नवऱ्याचा पायाने चालवायचा खराद तिनं स्वतः चालवायला घेतला. पलंगाचे खूर, खुळखुळे, भोवरे, लाटणी. वर्षानुवर्षं तीच खाली-वर चाललेली फळी आणि तेच पाय. सासू गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, आता थोडं थांबा." ती म्हणाली, "मी थांबसू बाई, पन पाय नई थांबतस." संध्याकाळी गुडघ्यांना एरंडाची पानं बांधून ती भिंतीला टेकायची. कधी चूल पेटवायचंही त्राण नसायचं; मग मी भाकरी नेऊन द्यायची.

अशातच एका दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाल, बिनटपाची, दोनच माणसांची परदेशी गाडी उभी राहिली. ड्रायव्हरशेजारी किशोरभाऊ बसला होता. जळगावच्या एका मारवाडी जिनिंगवाल्याचा हा धाकटा मुलगा. गाडी त्यानं मुंबईहून हौसेनं आणली, आणि काही महिन्यांतच जिनच्या यंत्रात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची. गियर डाव्या हाताचा. त्यावरची गुळगुळीत गोल मूठ त्याच्या पकडीतून निसटायची. वडील म्हणत होते, गाडी विकून टाक आणि पेढीवर बस.

"अक्का, मला पकडता येईल अशी मूठ करून द्याल?" त्यानं विचारलं. डावा हात खिशातच होता.

"हात दखाड."

त्यानं हात खिशात आणखी आत सारला.

"दपाडस कसाले? हात शे, चोरीना माल नई."

त्यानं हात बाहेर काढला. अपघातानंतर घरातसुद्धा तो हात कुणी धरला नव्हता, असं त्यानं मला पुढे सांगितलं. अक्कानं तो धरला, नेहमीसारखाच दाबून पाहिला आणि त्यात ओल्या चिकणमातीचा गोळा ठेवला. "आवळ."

मातीवर उमटलेला आकार बघून तिनं सुस्कारा सोडला. "माले गोल येस. हाई ते वाकडं शे."

पहिली मूठ शिसवीची. आतून नट बसवताना ती उभी चिरली. दुसरी चांगली दिसत होती, पण मेहरूणच्या तळ्याकाठी गाडी चालवून बघताना गियर मागे ओढला की हात सुटायचा. किशोरभाऊ घामेघूम होऊन परत आला. "राहू द्या अक्का. विकतो गाडी."

त्या दिवशी अक्काचे गुडघे इतके सुजले होते की तिला उठवत नव्हतं. मी चिडून म्हटलं, "अहो, त्यानंच नको म्हटलं. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"

"आंगठा शे, दोन बोटं शेत," ती डोळे मिटूनच म्हणाली. "मंग मूठ काबर नई होई?"

तिसरी मूठ तिनं खरादावर नुसती गोल करून घेतली. मग भिंतीला टेकून, पाय पसरून, चाकूनं कोरत बसली. थोडं कोरायची, थकायची, मांडीवर ठेवून द्यायची. मूठ झाली ती एका बाजूला कललेल्या कैरीसारखी. अंगठ्याला एक खळगा आणि शेवटच्या दोन बोटांना खोल खाच. दिसायला अगदी बेढब.

किशोरभाऊनं ती बसवली, ड्रायव्हरला उतरवलं आणि एकटाच हमरस्त्यावर गेला. परतला तो थेट अक्कासमोर येऊन बसला. म्हणाला, "अक्का, कुठं नेऊ तुम्हाला? सांगाल तिथं."

"साक्री," अक्का म्हणाली. तिथं तिची धाकटी बहीण होती. दोन गाड्या बदलून जायचं तिच्या पायांना कधी जमलं नव्हतं.

सकाळी डोक्याला पदर घट्ट बांधून ती गाडीत बसली. दुसऱ्या दिवशी किशोरभाऊ एकटाच परत आला. "बहिणीच्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, बाईले सांग, मी आते आठेच ऱ्हासू."

मला रागच आला. मला एका शब्दानं न सांगता ती तिथंच राहिली होती! कुलूप लावायला तिच्या खोलीत गेले, तर ढलप्या झाडून काढलेल्या, पटाश्या तेलाच्या फडक्यात गुंडाळलेल्या, खरादाचा पट्टा उतरवून खुंटीला टांगलेला. मग राग धरवेना.

दिवाळीच्या सुट्टीत मी साक्रीला गेले. अक्का ओट्यावर पाय पसरून उन्हात बसली होती. मांडीवर काही नव्हतं, हातात काही नव्हतं. मी शेजारी बसले आणि विचारलं, "अक्का, इथं नुसतं बसून कंटाळा नाही येत?"

"येस ना," ती म्हणाली. "पन गोड लागस."