चॅनलने जाणारे कर्नलकाका

कर्नलकाका कधी "कशी आहेस?" असं विचारायचे नाहीत. "रिपोर्ट?" म्हणायचे. मग आपण सर्दीपासून बॉसपर्यंत सगळं थोडक्यात सांगायचं, आणि रडगाणं लांबलं की ते सरळ घड्याळ बघायचे. मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती. भारतीय सैन्यातून निवृत्त होऊन अमेरिकेत ॲन आर्बरला लेकीकडे आलेले. लेक नर्स, तिची रविवारी ड्यूटी. म्हणून त्यांना चर्चला सोडायचं काम माझ्याकडे, म्हणजे शेजारणीकडे आलं. मी देवळातसुद्धा आरती संपताना पोचणारी बाई! पण काका बर्फातही पॉलिश केलेले बूट घालून दारात उभे असायचे, तेव्हा उशीर करायची माझी काय बिशाद.

चर्च लहानसं, आपल्याकडच्याच लोकांचं. तिथे कुणी पास्टरबद्दल कुरकुर केली की काका म्हणत, "कमांडरवर विश्वास नसेल तर पलटणीत राहू नये." मला हे जरा अतीच वाटायचं. पण त्यांची श्रद्धा इतकी स्वच्छ होती, की वाद घालवत नसे.

मग रीना आली. नागपूरची विद्यार्थिनी, क्वायरमध्ये गायची, काकांना आजोबा म्हणायची. एका रविवारी माझ्या गाडीत तिने काकांना आणि मला रडत सांगितलं, की पास्टर प्रार्थनेच्या निमित्ताने तिला एकटीला बोलावतात आणि अंगचटीला येतात. मी गाडी पोलिसांकडेच वळवत होते. काका म्हणाले, थांब, तक्रार चॅनलने, वरिष्ठांमार्फत जाईल, सैन्यात तशीच जाते. ब्लेझरला पदकं लावून ते स्वतः तिला चर्चच्या वरिष्ठांपुढे घेऊन गेले. वरिष्ठांनी शांतपणे ऐकलं, तिच्यासाठी प्रार्थना केली, आणि सगळं जसंच्या तसं पास्टरच्या कानावर घातलं.

पुढच्या रविवारी प्रवचनाचा विषय होता खोटी साक्ष. पास्टर रीनाकडे बघून बोलत होते, आणि तिच्या शेजारच्या बायका हळूच सरकून बसल्या. काका मधेच उठले. "माझ्या माणसाला मीच शत्रूच्या हाती दिलं," एवढंच बोलले आणि तिला घेऊन बाहेर आले. नंतर पोलिसांकडे चल म्हणून ते तिला किती विनवत होते! ती म्हणाली, आजोबा, आता पुन्हा कुणाला सांगायची ताकद नाही. सेमिस्टर अर्ध्यावर टाकून ती गावच सोडून गेली.

काका त्या चर्चमध्ये परत गेले नाहीत. रविवारी स्वयंपाकघरात एकटेच मराठी गीतं म्हणायचे. लेक चिडून म्हणायची, बाबा, अजून कसली प्रार्थना करता? त्यावर त्यांचं उत्तर, "जनरल बेइमान निघाला म्हणून देश टाकतात का?" पण भिंतीपलीकडून तो एकटा आवाज ऐकताना मला फार वाईट वाटायचं. म्हातारपणी चार आपली माणसं लागतात हो. त्यांची होती, ती त्या एका सकाळी गेली.

मागच्या हिवाळ्यात ते हॉस्पिटलमध्ये होते, तेव्हा तिथले धर्मगुरू प्रभुभोजनाची, म्हणजे त्यांच्या प्रसादाची, भाकर घेऊन आले. त्या रविवारपासून काकांनी ती घेतलीच नव्हती. लेकीने हात जोडले, बाबा, आता तरी घ्या. पलटणीत जवान जेवल्याशिवाय अधिकारी ताटाला हात लावत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तरी ती विनवत राहिली.

"रीना उपाशी आहे अजून," काका म्हणाले. "तिचं झालं की मी."

धर्मगुरूंनी भाकर परत डबीत ठेवली.